गॅस वाढवण्याआधी हवा बघा: प्रोपेनवर चालणाऱ्या छोट्या वाफेच्या इंजिनाची आग सुधारताना

छोट्या वाफेच्या इंजिनाला प्रोपेनचा बर्नर बसवला आणि दाब चढेना, की बहुतेकांचा पहिला निष्कर्ष एकच असतो: गॅस कमी पडतोय. मग व्हॉल्व्ह आणखी उघडला जातो, जेटचं, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक मोठं केलं जातं, रेग्युलेटरचा दाब वाढवला जातो. ज्वाला पिवळी होते, बॉयलरमधून धूर जाणाऱ्या नळ्यांत काजळी बसते आणि दाबमापकाचा काटा आहे तिथेच राहतो. अशा दहापैकी आठ इंजिनांत गॅस पुरेसा असतो, असं माझं मत आहे. हवा कमी असते, नाहीतर नको तिथून येत असते. म्हणून या लेखात जेट बदलायचं काम बरंच उशिरा येतं.

डोळ्यांसमोर आहे ते साडेसात इंच गेजचं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), माणूस मागे बसून चालवतो ते इंजिन. अमेरिकेच्या पश्चिम भागात हे गेज सर्रास दिसतं. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये, ओरेगनात चिलोक्विनजवळच्या ट्रेन माउंटनवर अशी इंजिनं धावतात. त्या कोरड्या मुलखात उन्हाळ्यात वणव्याची धास्ती असते, आणि धुराड्यातून उडालेली कोळशाची ठिणगी सुकल्या गवतात पडणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे तिकडे गॅस आणि तेल यांच्यावर चालणारी इंजिनं पुष्कळ. पाच इंच किंवा सव्वासात इंच गेजच्या इंजिनांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं. मेजावर चालणाऱ्या अगदी लहान इंजिनांचे बर्नर वेगळ्या जातीचे असतात, ते इथे धरलेले नाहीत.

हात लावण्याआधी

प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. गळला तर वर उडून जात नाही. ॲशपॅनमध्ये (आगीखालच्या राखेच्या तबकात), टेंडरच्या (इंजिनामागच्या पाणी-इंधनाच्या डब्याच्या) तळाशी, गॅरेजच्या फरशीवर साचतो. हवेत तो साधारण 2 ते 9.5 टक्के असला की पेट घेतो. म्हणून सगळ्या चाचण्या उघड्यावर करायच्या. प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासायचा, काडी लावून कधीच नाही. पेटवताना आधी ब्लोअर (धुराड्यात वाफ फुंकून हवा खेचणारी नळी) किंवा धुराड्यावरचा पंखा सुरू, मग फायरबॉक्समध्ये (आगीच्या पेटीत) पेटती काडी किंवा लायटर, आणि सगळ्यांत शेवटी गॅस. आग अचानक विझली तर गॅस बंद करून, हवा खेळती ठेवून, थोडं थांबूनच पुन्हा पेटवायची. गरम फायरबॉक्समध्ये साचलेला गॅस भडकला, तर ज्वाला फायरहोलमधून (आगीच्या पेटीच्या तोंडातून) थेट चालवणाऱ्याच्या गुडघ्यांवर येते.

गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बसल्या जागेवरून हाताला लागला पाहिजे. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं की तो तत्क्षणी बंद करायचा. कोळशाची आग अशी झटक्यात विझवता येत नाही. गॅसची ही मोठी सोय आहे, ती वाया घालवू नका.

सुधारणा करण्याआधी मोजमाप

आज इंजिन कसं चालतंय ते आकड्यांत लिहिलेलं नसेल, तर उद्याचा बदल चांगला की वाईट हे कळणार नाही. मोजायला फार काही लागत नाही. एक लटकवायचा काटा, गॅसचा सिलिंडर आधी आणि नंतर तोलायला. स्मोकबॉक्समध्ये (धुराड्याखालच्या पेटीत) नळ्यांच्या तोंडासमोर एक के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार. बर्नरच्या अगदी जवळ, सगळ्या व्हॉल्व्हांच्या पुढे, गॅसचा एक दाबमापक. आणि फायरबॉक्समधली ओढ (हवा खेचली जाण्याचा जोर) मोजायला पारदर्शक प्लॅस्टिक नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी.

पहिली नोंद इंजिन उभं असताना करा: काचेतली पाण्याची पातळी ठरलेली, थंड बॉयलरपासून कामाच्या दाबापर्यंत किती वेळ लागला आणि किती गॅस जळला. ताळा बघायला एक ढोबळ हिशोब पुरतो. बॉयलरमध्ये 40 लिटर पाणी आहे आणि कामाचा दाब 100 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे असं धरू. त्या दाबाला पाण्याचं तापमान 170 अंश सेल्सियसच्या आसपास असतं. 20 अंशांवरून तिथवर जायला एकट्या पाण्याला सुमारे 25 मेगाज्यूल लागतात. एक किलो प्रोपेन जळून 46 मेगाज्यूल मिळतात. निम्मी उष्णता कामी आली तरी हे काम सव्वा किलोच्या आत व्हायला हवं. बॉयलरच्या धातूसाठी वर थोडं धरा. तुमचा सिलिंडर अडीच-तीन किलोने हलका होत असेल, तर आणखी गॅस देऊन काही साधणार नाही. उष्णता कुठून तरी निसटते आहे.

चालत्या इंजिनासाठीही असाच ताळा आहे. 60 टक्के कार्यक्षमता धरली तर एक किलो गॅसमागे सुमारे 10 लिटर पाण्याची वाफ व्हायला हवी. टेंडरमध्ये किती पाणी भरलं आणि सिलिंडर किती हलका झाला, एवढ्यावरून उत्तर मिळतं.

आता थोडं विषयांतर. थंड इंजिन पेटवलं की स्मोकबॉक्समधून पाणी ठिबकतं, आणि नवा मालक नळी फुटली म्हणून घाबरतो. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी तयार होतं. नळ्या थंड असेपर्यंत ते तिथेच दवासारखं जमतं. बॉयलर तापला की ठिबकणं थांबलं पाहिजे. तरीही थांबलं नाही, तर मग नळी तपासा.

सिलिंडर गारठतोय का

सुरुवातीला आग छान, आणि अर्ध्या तासाने ती मवाळ. असं होत असेल तर बर्नरला हात लावू नका, सिलिंडरला लावा. द्रव प्रोपेनची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती सिलिंडरच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेकडून घेतली जाते. तासाला दोन किलो गॅस ओढला तर सुमारे 200 वॅट उष्णता सतत आत यावी लागते. पत्र्यातून तेवढी येत नाही, मग द्रव थंड पडतो आणि त्याचा दाब उतरतो. 20 अंशांना सिलिंडरमधला दाब 7 बारच्या वर असतो, शून्य अंशाला तो चार बारच्याही खाली येतो. बाहेरच्या बाजूला दव किंवा हिमाची रेघ दिसली, तर द्रवाची पातळी तिथपर्यंत आहे. अर्धा रिकामा सिलिंडर लवकर गारठतो, कारण द्रवाला टेकलेला पत्रा कमी उरतो.

उपाय सोपे आहेत. मोठा सिलिंडर घ्या, किंवा दोन सिलिंडर जोडून दोन्हींतून एकदम गॅस ओढा. टेंडरमध्ये सिलिंडरभोवती पाण्याचा कप्पा करणं मला सगळ्यांत आवडतं. हवेपेक्षा पाण्यातून उष्णता कितीतरी लवकर पोहोचते. पाणी हाताला कोमट लागेल एवढंच हवं. उकळतं पाणी, हीट गन, ज्वाला यांतलं काहीही सिलिंडरजवळ आणायचं नाही. सिलिंडर उभाच ठेवा. आडवा केला तर वाफेऐवजी द्रव बर्नरकडे निघेल.

अमेरिकेतल्या बार्बेक्यूच्या सिलिंडरचा एक चकवा इथेच सांगून टाकतो. त्याच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या चकतीवाल्या जोडात प्रवाह रोखणारी झडप असते. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला, की तिला नळी तुटल्यासारखं वाटतं आणि ती जेमतेम गॅस सोडते. आग मेणबत्तीएवढी दिसते आणि माणूस तासभर जेट साफ करत बसतो. सगळं बंद करा, थोडं थांबा आणि व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. बार्बेक्यूचा मूळ रेग्युलेटरही इथे चालत नाही. तो अर्ध्या पीएसआयपेक्षाही कमी दाब देतो. या कामाला हवा तो 0 ते 30 पीएसआयपर्यंत फिरवता येणारा.

बर्नरजवळचा दाबमापक आता कामाला येतो. रेग्युलेटरवर 15 आणि बर्नरजवळ 8 दिसत असेल, तर मधली नळी, कोपरे किंवा सुईचा व्हॉल्व्ह अरुंद आहे.

ज्वाला काय सांगते

फायरहोलमधून बघा, शक्यतो संध्याकाळी किंवा सावलीत, आणि चष्मा लावून. चांगली ज्वाला निळी, मुळाशी स्पष्ट शंकू असलेली आणि बर्नरला धरून असते. टोकं पिवळी असली तर गॅसबरोबर आधी मिसळणारी हवा कमी आहे. घरच्या शेगडीवर भांड्याचं बूड काळं पडायला लागलं की आपण बर्नरची भोकं घासतो. इथेही निदान तेच. मधूनच नारिंगी ठिणग्या चमकल्या तर ती धूळ किंवा गंज असतो, तिकडे दुर्लक्ष करा.

ज्वाला बर्नरपासून सुटून वर नाचत असेल, घरघरत असेल, तर हवा जास्त आहे किंवा भोकांतून मिश्रण फार वेगाने येतंय. उलट ‘फट्’ आवाज करून ज्वाला मिक्सर नळीत (गॅस आणि हवा जिथे मिसळतात तिथे) शिरली, तर वेग कमी आहे. गॅस फार बारीक केला की हे होतं, किंवा बर्नरची भोकं गंजून, जळून मोठी झाली की. अशा वेळी गॅस लगेच बंद करा. नळीत जळणारी आग जेट वितळवते.

आणि नाक वापरा. धुराड्यातून डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला, तर ज्वाला पूर्ण जळण्याआधीच थंड पत्र्याला लागून विझते आहे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो.

जेट आणि घसा

प्रोपेनच्या एका घनफळाला पूर्ण जळायला हवेची जवळपास 24 घनफळं लागतात. यातला मोठा भाग जेटमधून सुटणारी गॅसची धार स्वतःच मिक्सर नळीत ओढून आणते. किती ओढते, ते मुख्यतः जेटच्या भोकाच्या आणि मिक्सरच्या घशाच्या (नळीच्या सगळ्यांत अरुंद भागाच्या) व्यासांच्या प्रमाणावर ठरतं. इथे दाबाचा हात फार थोडा. दाब वाढवला की गॅसही वाढतो आणि ओढलेली हवाही वाढते. मिश्रण साधारण होतं तसंच राहतं. पिवळी ज्वाला दाब वाढवून निळी होत नाही, ती यामुळे.

ढोबळ नियम असा: घसा जेटच्या 12 पट असेल, तर गॅसच्या तेरा-चौदा पट हवा येते, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून थोडी जास्त. हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात घर्षण आणि वळणं त्यातून वजा होतात. म्हणून 1 मिलिमीटरचं जेट आणि 10 मिलिमीटरचा घसा अशी जोडी दिसली, की मी आधी जेट लहान करतो आणि कमी पडणारा गॅस दाब वाढवून भरून काढतो. बहुतेक जण नेमकं उलट करतात. भोकाचा व्यास 10 टक्क्यांनी वाढवला की गॅस 21 टक्क्यांनी वाढतो आणि मिश्रण आणखी घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने गॅस जास्त. दाबाचं गणित मंद आहे: 10 पीएसआयच्या आत गॅस दुप्पट करायला दाब जवळजवळ चौपट लागतो, त्यावर मात्र दाबाचा परिणाम सरळ होत जातो. त्यामुळे जेट आणि दाब यांची जोडी नेहमी एकत्र बदलायची.

बर्नर काढलाच आहे तर आणखी तीन गोष्टी बघून घ्या. जेटचं भोक घशाच्या बरोबर मध्यावर, सरळ रोखलेलं आहे का? किंचित तिरकं असलं तरी धार भिंतीला घासते आणि हवा ओढणं मंदावतं. भोक स्वच्छ आहे का? तार घालू नका, भोक नकळत मोठं होतं. सॉल्व्हंटमध्ये बुडवून उलट्या बाजूने हवा फुंका. आणि हवा आत घेण्याचं तोंड कुठे आहे? ते ॲशपॅनच्या तापलेल्या पत्र्याला चिकटून असेल तर आत जाणारी हवा गरम आणि विरळ असते. ब्रेकच्या दांड्यांनी किंवा नळ्यांनी तोंड अर्धं झाकलेलं असणं, हेही नेहमीचंच.

फायरबॉक्सचा तळ

उरलेली हवा बर्नरच्या भोवतून वर येते. कोळशाची जाळी काढून तिथे बर्नर ठेवला आणि बाकीचा तळ उघडा सोडला, तर ओढीबरोबर थंड हवेचा लोंढा थेट नळ्यांत जातो आणि बॉयलरला आतून गार करतो. तळ पूर्ण बंद केला तर ज्वाला गुदमरते. माझी पद्धत अशी: पत्र्याने तळ झाकायचा, बर्नरच्या प्रत्येक भागाभोवती फट ठेवायची आणि एका सरकत्या झडपेने ती लहानमोठी करायची. इंजिन काम करत असताना झडप हळूहळू बंद करत न्या. ज्वालेची टोकं आळसावली किंवा तो उग्र वास आला, की एक पायरी मागे या. तिथे खूण करा.

निळ्या ज्वालेची एक उणीव आहे. धगधगत्या कोळशासारखी ती उष्णता फेकत नाही. त्यामुळे फायरबॉक्सच्या भिंती कमी काम करतात आणि सगळा भार नळ्यांवर येतो. बर्नरच्या वर किंवा बाजूला भट्टीच्या विटेचे तुकडे असे ठेवा, की ज्वाला त्यांना चाटून जाईल आणि ते लाल होतील. तापलेली वीट भिंतींकडे उष्णता फेकते आणि ज्वाला स्थिरही ठेवते. वीट ज्वालेच्या शंकूत मात्र खुपसू नका. सिरॅमिकचं ब्लँकेट वापरत असाल तर कापताना मास्क लावा, त्याचे तंतू फुप्फुसाला वाईट.

स्मोकबॉक्स आणि ब्लास्ट

कोळशाच्या जाड थरातून हवा खेचायला जोरदार ओढ लागते. गॅसला तसा थरच नसतो, पाण्याच्या नळीवर काही मिलिमीटर ओढ पुरते. मूळ कोळशाच्या आराखड्यावरून बांधलेल्या इंजिनाचं ब्लास्ट नोजल (वापरलेली वाफ धुराड्यात सोडणारी तोटी) गॅससाठी बहुधा फार अरुंद असतं. थ्रॉटल (इंजिनाला वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) उघडला की प्रत्येक फटक्याला ज्वाला बर्नरवरून उपटली जाते आणि अर्धवट जळून नळ्यांत शिरते. नोजलचं तोंड थोडं थोडं मोठं करत जा. इंजिनाच्या वाफेच्या सिलिंडरांवरचा उलटा दाब कमी होऊन इंजिन मोकळं धावायला लागतं, तो फायदा फुकटचा.

पण नोजल मोठं करण्याआधी स्मोकबॉक्स हवाबंद आहे याची खात्री करा. दाराची कड, वाफेचे पाइप जिथून आत शिरतात ती भोकं, तळाचे बोल्ट. ब्लोअर चालू ठेवून प्रत्येक सांध्याजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर तिथे गळती आहे. नोजल धुराड्याच्या बरोबर मध्यावर आहे का, हे बघायला धुराड्यातून एक सरळ दांडी खाली सोडा. वाफेचा झोत साधारण 1 ला 6 या उताराने रुंदावत जातो, असं धरून तो धुराड्याच्या सगळ्यांत अरुंद भागात भिंतीला भिडला पाहिजे. त्याच्या खूप आधी भिडला किंवा भिडलाच नाही, तर नोजलची उंची बदला.

आता थर्मोकपल बघा. इंजिन सलग काम करत असताना स्मोकबॉक्सचं तापमान बॉयलरच्या पाण्यापेक्षा 60 ते 100 अंशांनी जास्त असेल तर मी समाधानी असतो. दोनशे अंशांनी जास्त असेल आणि नळ्या स्वच्छ असतील, तर नळ्यांत स्टेनलेसच्या पिळलेल्या पट्ट्या सरकवून बघा. वायू घुसळत जातो आणि जास्त उष्णता देऊन जातो. ओढ आधीच कमी असेल तर हा उपाय उलटतो, म्हणून तो शेवटी.

चालवताना

कोळशाचं इंजिन चढावर जोर लावतं तेव्हा ब्लास्ट वाढतो, विस्तवातून जास्त हवा जाते आणि आग आपोआप भडकते. गॅसला हे कळत नाही. जोर लावला की हवा वाढते, गॅस तेवढाच राहतो, आणि नेमक्या गरजेच्या वेळी आग पातळ होते. तेव्हा चढ येण्याच्या थोडं आधी, दाब उतरण्याची वाट न बघता गॅस वाढवायचा. माथा गाठला की कमी करायचा. थ्रॉटल बंद करण्याआधी ब्लोअर किंचित उघडायचा, नाहीतर ओढ थांबते आणि ज्वाला फायरहोलमधून मागे येते. ही सवय हाताला लागेपर्यंत लांब गाडी ओढू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह सतत फुसफुसत असेल तर तुम्ही गॅसचे पैसे हवेत सोडताय. पाणीही एकदम न भरता थोडं थोडं भरा. थंड पाण्याचा मोठा घोट दाब पाडतो आणि दोष आगीवर येतो.

उंचीही धरावी लागते. ट्रेन माउंटनचा परिसर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास आहे. किनाऱ्यालगत अगदी जमवून आणलेलं इंजिन तिथे पिवळी ज्वाला दाखवतं, कारण हवा विरळ आहे. दर 300 मीटरला गॅस सुमारे 4 टक्क्यांनी कमी करावा, हा प्रचलित ठोकताळा इथे पुरतो. प्रवासात एक नंबर लहान जेटांचा जोड बरोबर ठेवणं शहाणपणाचं.

भारतात असं इंजिन बांधणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडच्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्युटेनही भरपूर असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खाली उकळतो, प्रोपेन उणे 42 ला. त्यामुळे सिलिंडर गारठला की दाब लवकर पडतो, शिवाय प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाशी ब्युटेन उरतो. पुण्यातल्या थंडीच्या सकाळी पाण्याचा कप्पा चैनीची गोष्ट राहत नाही. ब्युटेनला हवाही जास्त लागते, घनफळाला सुमारे 31 घनफळं. परदेशी आराखड्यातलं जेट तसंच बसवलं तर मिश्रण घट्ट होईल; एक पायरी लहान जेटने सुरुवात करा. घरगुती सवलतीचा लाल सिलिंडर या कामाला वापरायचा नाही, व्यावसायिक सिलिंडर घ्यायचा.

दिवस संपला की आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळीतला गॅस जळून जाऊ द्या, मग बर्नरचा व्हॉल्व्ह. बॉयलर थंड झाल्यावर नळ्यांतून ब्रश फिरवा आणि ब्रशला काय लागलं ते वहीत लिहा. करडी धूळ असेल तर पुढच्या वेळी सेटिंग तेच ठेवा. काळी काजळी असेल तर हवेची झडप एक खूण उघडून सुरुवात करा.